राउलिया : न्यूझीलंडमधील एका गालिचावजा डोंगरी डेझीची लागवड

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील मध्य ओटॅगो हा त्या देशातील सर्वांत रुक्ष प्रदेश होय. पश्चिमेकडून येणारे ओले वारे दक्षिण आल्प्स पर्वतावर आपले पाणी टाकून पुढे येतात; त्यामुळे मिलफर्डच्या खाडीवर वर्षाकाठी ६,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडत असता तेथून सुमारे १३० किलोमीटरांवर असलेल्या अलेक्झांड्रा गावाच्या वाट्यास जेमतेम ३५० मिलिमीटर येतो. उन्हाळा कडक आणि हिवाळा त्याहून कडक. ह्याच भागातील ओफीर येथे १९९५ च्या जुलै महिन्यात पारा उणे २१.६ अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता. अशा ठिकाणी, नदीकाठच्या गोट्यांत व उजाड माळांवर, राउलिया ऑस्ट्रॅलिस ही रुपेरी वनस्पती जमिनीला घट्ट चिकटून गालिच्यासारखी पसरते आणि वर्षानुवर्षे जगते. तीच वनस्पती कुंडीत लावून इंग्लंडातील एखाद्या बागेत हिवाळ्याच्या पावसात उघडी ठेवली, तर पारा शून्याखाली फारसा न जाताही ती वसंतापूर्वी कुजून काळी पडते. उणे वीस अंशांना दाद न देणारी वनस्पती रिमझिम पावसाने का मरावी, हा प्रश्न तिच्या लागवडीचा गाभा आहे. त्याचे उत्तर हाती आले म्हणजे लागवडीचे बहुतेक नियम आपोआप सुचतात.

राउलिया ही प्रजाती सूर्यफुलाच्या कुलातील, म्हणजे जुन्या ग्रंथांतील कॉम्पॉझिटी व आजच्या अ‍ॅस्टरेसी कुलातील होय. युरोपातील सुप्रसिद्ध एडलवाइस ज्या नॅफॅलिई गटात मोडते त्याच गटात तिचीही गणना होते. प्रजातीचे नाव एत्येन राऊल ह्या फ्रेंच नौदलातील शल्यचिकित्सकावरून पडले आहे. १८४० ते १८४३ ह्या काळात फ्रेंच जहाजे दक्षिण बेटावरील अकारोआ येथे मुक्कामास असता राऊल ह्यांनी तेथील वनस्पती गोळा केल्या आणि १८४६ मध्ये त्यांवरील आपला सचित्र ग्रंथ पॅरिस येथे प्रसिद्ध केला. जोसेफ डाल्टन हूकर ह्यांनी योजिलेले हे नाव त्याच वर्षी प्रसिद्धीस आले. राऊल ह्यांना मात्र पुढे फार आयुष्य लाभले नाही. १८५२ मध्ये ते निवर्तले. प्रजातीत आज वीस-पंचवीस जाती मानल्या जातात व त्या न्यूझीलंडच्याच आहेत. हास्त, हेक्टर, मन्रो अशा एकोणिसाव्या शतकातील संशोधकांची नावे त्यांतील काही जातींना दिलेली आहेत, त्यावरून त्या देशातील वैज्ञानिक पाहणीचा एक छोटासा इतिहासच ह्या गालिच्यांवर लिहिलेला दिसतो.

डेझी म्हटले की मध्ये पिवळे बिंब व भोवती पांढरे किरण असे फूल डोळ्यांपुढे येते. राउलियाच्या बाबतीत हे चित्र विद्यार्थ्याला हमखास फसवते. राउलिया ग्रँडिफ्लोरा किंवा राउलिया सबसेरिसिया ह्यांच्या स्तबकाभोवती पांढऱ्या पाकळ्यांचे वलय स्पष्ट दिसते. पण भिंगाखाली पाहिल्यास ती किरणपुष्पके नसून छदमंडलातील आतल्या छदांची पांढरी, कागदासारखी टोके आहेत असे आढळते. किरणपुष्पके ह्या प्रजातीत मुळीच नाहीत. सर्व पुष्पके नळीसारखी असून कडेची बारीक पुष्पके केवळ स्त्रीलिंगी व मधली द्विलिंगी असतात. राउलिया ऑस्ट्रॅलिसमध्ये छदांची ही शोभाही नाही. सुमारे पाच मिलिमीटर रुंदीची पिवळसर स्तबके उन्हाळ्यात रुपेरी पृष्ठभागावर विखुरलेली दिसतात, इतकेच. फळाच्या डोक्यावर केसांचा पिच्छसंदल असतो व वारा त्याला वाहून नेतो.

खरे वैशिष्ट्य फुलात नसून वाढीच्या पद्धतीत आहे. राउलिया ऑस्ट्रॅलिसचे खोड जमिनीवर सरपटत जाते, पदोपदी फांद्या फोडते आणि जेथे जमिनीला टेकते तेथे आगंतुक मुळे सोडते. कांडी इतकी आखूड असतात की दोन मिलिमीटर लांबीची पाने कौलांप्रमाणे एकमेकांवर बसतात. कोणताही एक अंकुर दुसऱ्यांवर वर्चस्व गाजवीत नाही. सर्व टोके सारख्या वेगाने वाढतात आणि म्हणून वरचा पृष्ठभाग कातरून काढल्यासारखा सपाट राहतो. पानांवर दाट पांढरी लव असते. लवेच्या केसांत हवा भरलेली असल्यामुळे प्रखर ऊन परावर्तित होते व पानाजवळची आर्द्रता वाऱ्याने चटकन उडून जात नाही. जमिनीलगतच्या अशा दाट थरात वाऱ्याचा वेग जवळजवळ नाहीसा होतो, त्यामुळे उन्हाच्या दिवशी गालिच्याचा पृष्ठभाग सभोवतालच्या हवेपेक्षा बराच उबदार राहतो. थंड प्रदेशातील अल्प उन्हाळ्यात ही उष्णता मोलाची होय.

ही रचना एकट्या राउलियाची नाही. लडाखच्या उंच पठारांवरील थायलॅकोस्पर्मम सीस्पिटोसम ही कॅरिओफायलेसी कुलातील वनस्पती तशीच कठीण गादी बनविते, आणि त्या दोघींचा नात्याने काडीचाही संबंध नाही. सह्याद्रीत मात्र कळसूबाईचे शिखरही १,६४६ मीटरांवर संपते आणि वृक्षरेषेच्या वरचा पट्टा आपल्याकडे नाहीच. तेव्हा हा प्रकार डोळ्यांनी पाहावयाचा तर मराठी विद्यार्थ्याला हिमालय गाठण्यावाचून गत्यंतर नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. मध्य ओटॅगोतील हिवाळा थंड असला तरी कोरडा असतो; आकाश बरेचदा निरभ्र आणि दिवसाचा प्रकाश पुरेसा. पाणी थोडे असल्याने पेशींतील रस दाट राहतो, वाढ थांबलेली असते व ऊतके गोठण्यास तोंड देण्याइतकी कणखर झालेली असतात. इंग्लंडातील हिवाळा ह्याच्या उलट असतो. तापमान शून्याच्या आसपास घोटाळत राहते, आभाळ आठवडेच्या आठवडे झाकलेले असते आणि पाने सतत ओली राहतात. हवा धरून ठेवणे हे ज्या लवेचे काम, ती लव पाणी शोषून पानावर ओल्या कापसासारखी बसते. वायूंची देवघेव मंदावते. प्रकाश अपुरा असल्याने प्रकाशसंश्लेषण नाममात्र चालते, पण सौम्य तापमानात श्वसन चालूच असते. साठविलेली शर्करा हळूहळू खर्ची पडते. गालिच्याच्या आतील जुनी, मेलेली पाने ओलीने भिजतात आणि करड्या बुरशीला, म्हणजे बोट्रायटिसला, तेथे आयते घर मिळते. एकदा बुरशी आत शिरली म्हणजे ती वरून दिसण्यापूर्वीच खोडांपर्यंत पोहोचलेली असते. थोडक्यात, जी घट्ट वीण कोरड्या थंडीत कवच होते तीच ओल्या थंडीत सापळा होते.

ओलाव्याविरुद्धचा हा आरोप सरसकट करणे मात्र चुकीचे ठरेल. राउलिया टेनुइकॉलिस ही जाती उत्तर बेटापासून दक्षिण बेटाच्या अतिवृष्टीच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत नदीपात्रांत आढळते. तिची लव विरळ, रंग हिरवट करडा व वाढ झपाट्याची असते आणि तिच्या फुलांना मधासारखा वास येतो. ताज्या वाळू-गोट्यांत पाऊस कितीही पडला तरी क्षणात झिरपून जातो. म्हणजे तेथेही साचलेले पाणी नसतेच. राउलिया हास्ताय ही हिरवी जातीही पुष्कळ सोशीक असून हिवाळ्यात तिचा रंग तपकिरी होतो. नवशिक्या माळ्याला हे पाहून आपले रोप मेले असे वाटते व तो ते उपटून टाकतो! लागवडीचा आरंभ करणाऱ्याने टेनुइकॉलिस व हास्ताय ह्यांपासून सुरुवात करावी, नंतर ऑस्ट्रॅलिसकडे वळावे, आणि उंच पर्वतावरील ग्रँडिफ्लोरा किंवा हेक्टोराय ह्यांना हात घालण्याची घाई करू नये.

प्रत्यक्ष लागवडीत निचऱ्याला पहिले स्थान आहे, व दुसरे आणि तिसरेही त्यालाच द्यावे लागते. साधारणतः दोन भाग भरड रेव, एक भाग बागेतील माती व एक भाग कुजलेल्या पानांची माती असे मिश्रण चालते. हवामान जितके ओले तितके रेवेचे प्रमाण वाढवावे. वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा एक-दीड वीत उंच असावा. रोप लावल्यावर गालिच्याच्या कडेखाली बारीक खडीचा थर सारून द्यावा, म्हणजे पाने मातीला टेकत नाहीत व पावसाचे पाणी खडीतून खाली उतरते. ह्या खडीचा दुसराही उपयोग आहे. पुढे सरकणाऱ्या फांद्या तिच्या फटींत मुळे सोडतात आणि दगडाखालची ओल त्यांना कडक उन्हाळ्यात पुरते. राउलियाला दुष्काळ सोसतो असे म्हणतात ते प्रौढ गालिच्यापुरते खरे आहे. नव्या रोपाची मुळे खोल जाईपर्यंत त्याला पाणी द्यावेच लागते, पण ते कडेने किंवा खालून, पानांवर शिंपडून नव्हे. नत्रयुक्त खत देणे हे हितापेक्षा अहिताचेच. खताने कांडी लांबतात, वीण सैल होते, आणि सैल झालेल्या गालिच्यात पाणी व बुरशी दोन्ही सहज शिरतात.

सावली चालत नाही. उत्तर गोलार्धात वाफा दक्षिणाभिमुख व न्यूझीलंडात उत्तराभिमुख असावा. ओल्या हिवाळ्याच्या देशांत वाफ्यावर काचेचे तावदान चार खुंट्यांवर तिरपे बसवितात. बाजू उघड्या ठेवतात. ह्या तावदानाने रोपाला ऊब मिळावी असा हेतू नसतो. थंडी लागली तरी चालते, पाऊस लागता कामा नये. बाजू बंद करून जो त्याचा काचगृहासारखा उपयोग करतो त्याचे रोप आतल्या दमट हवेने मरते. ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये स्थापन झालेल्या अल्पाइन गार्डन सोसायटीच्या सभासदांसारखे हौशी लोक अशा वनस्पती कुंड्यांत, बिनतापविलेल्या व भरपूर हवा खेळणाऱ्या काचगृहात वाढवितात, त्यामागेही हाच विचार असतो. पक्ष्यांचा उपद्रव मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कीटक शोधणारे ब्लॅकबर्ड गालिचा उचकटून टाकतात. उचकटलेला भाग त्याच दिवशी दाबून बसविला आणि भोवती खडी टाकली तर बहुधा पुन्हा धरतो. फरसबंदीच्या फटींत राउलिया लावण्याची पद्धत रूढ आहे व ती दिसतेही सुंदर, पण ती पायाखाली तुडविली जाणे ह्या वनस्पतीला सोसत नाही.

अभिवृद्धी बियांपासून व विभाजनाने अशा दोन्ही मार्गांनी होते. बी ताजे असतानाच पेरावे; ठेवलेल्या बियांची उगवण लवकर घटते, आणि पुष्कळ फळे आतून पोकळ निघतात. बी बारीक भरड वाळूवर पसरून त्यावर बारीक खडीचा नाममात्र थर द्यावा. विभाजन त्याहून सोपे आहे. वसंतात, वाढ सुरू होताच, गालिच्याच्या कडेचे मुळे फुटलेले तुकडे काढून वाळूमिश्रित मातीत बसवावेत. रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा पुरतो. मधला जुना भाग ह्या कामी घेऊ नये. काही वर्षांनी गालिच्याच्या मध्यभागी टक्कल पडते. हा रोग नव्हे, वाढीचा स्वभावच आहे. तेथील मेलेला भाग काढून रेव भरली व कडेचे तुकडे लावले म्हणजे ते भरून येते.

विभाजनाची ही सोय वाढीच्या प्रकारावर अवलंबून आहे, ही गोष्ट ह्याच प्रजातीतील दुसऱ्या टोकाच्या जातींकडे पाहिले म्हणजे स्पष्ट होते. कँटरबरीच्या उंच पर्वतांवर ग्रेवॅक खडकाच्या भग्न उतारांवर राउलिया एक्झिमिया वाढते. तिच्या गाद्या दोन मीटरांपर्यंत रुंद व अर्ध्या मीटरांहून उंच होतात. दुरून त्या बसलेल्या मेंढ्यांसारख्या दिसतात, म्हणून त्यांना वनस्पती-मेंढ्या हे नाव पडले आहे. कळप गोळा करणाऱ्या धनगरांची त्यांनी फसगत केल्याच्या गोष्टी तेथे सांगितल्या जातात. येथे फांद्या सरपटत नाहीत. एका मध्यवर्ती मुळाच्या माथ्यावरून त्या सर्व दिशांना सारख्या लांबीने निघतात व टोके एकमेकांना इतकी खेटून बसतात की त्यांत बोट शिरत नाही. आतील मेलेली पाने गळून न जाता तेथेच कुजतात आणि त्यांचा स्पंजासारखा गाळ पाणी धरून ठेवतो. फांद्यांची आगंतुक मुळे ह्या गाळातच उतरतात. म्हणजे ही वनस्पती आपली जमीन आपल्याच पोटात तयार करते. तिचा तुकडा तोडला तर त्याच्याबरोबर त्याची स्वतंत्र, खऱ्या मातीत रुजलेली मुळे येत नाहीत, येतो तो केवळ गाळाचा गोळा. अख्खी गादी उपटणे हा तर तिच्या नाशाचाच मार्ग होय. ह्या जातीची टोके कलम म्हणून लावून किंवा बी पेरून रोपे करता येतात, परंतु त्यांची वाढ अतिशय संथ असते. बागेत डोंगरावरच्यासारखी मेंढी घडविण्यास माणसाचे एक आयुष्य बहुधा अपुरे पडावे.

बागांतील नावांविषयी सावधगिरीचा एक शब्द आवश्यक आहे. हॅरी अ‍ॅलन ह्यांच्या मृत्यूनंतर १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूझीलंडच्या वनश्रीग्रंथाच्या पहिल्या खंडात राउलिया हूकेराय ही जाती स्वतंत्र मानली गेली. तोपर्यंत दोन्ही रुपेरी गालिचे बागांत ऑस्ट्रॅलिस ह्याच नावाने फिरत होते, आणि आजही रोपवाटिकांत त्या नावाने मिळणारी रोपे पुष्कळदा हूकेराय असतात. नाव चुकले म्हणून रोपाचे काही बिघडत नाही, हे खरे. पण अशा रोपावर शारीरक्रियेचा किंवा गुणसूत्रांचा अभ्यास करून निष्कर्ष ऑस्ट्रॅलिसच्या नावे नोंदविणे म्हणजे पुढच्या संशोधकाला खड्ड्यात लोटणे होय. भर म्हणून ह्या प्रजातीत संकर सहज होतात. ल्यूकोजेनीस ह्या शेजारच्या प्रजातीशी झालेले नैसर्गिक संकरही नोंदले गेले आहेत. प्रयोगासाठी घेतलेल्या प्रत्येक रोपाचे फुलासह वाळविलेले नमुने ठेवणे म्हणूनच अपरिहार्य आहे.

ह्या लागवडीला केवळ हौसेपलीकडे काही महत्त्व आहे काय? त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. इंग्रजीत राउलियाला खपली-तण अशा अर्थाचे एक तुच्छतादर्शक नाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य ओटॅगोतील गवताळ प्रदेशावर मेंढ्यांचे कळप सोडले गेले, गवत वारंवार जाळले गेले, आणि त्यातच बाहेरून आणलेल्या सशांचा सुळसुळाट झाला. सशांच्या बंदोबस्तासाठी १८७६ मध्ये कायदाही करावा लागला. गवत खाऊन संपले, माती उडाली, आणि उघड्या पडलेल्या खडीवर राउलियाचे करडे ठिपके पसरले. शेतकऱ्यांच्या दृष्टीने ती जमिनीच्या आजारावरची खपली ठरली. लेनर्ड कॉकेन ह्या थोर वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९१९ नंतरच्या काही वर्षांत ह्या उजाड जमिनींची पाहणी केली व तेथे गवत पुन्हा लावण्याचे प्रयोग केले. रोगाचे कारण चराई व ससे हे होते. राउलिया ही केवळ मागे उरलेल्या जागेत टिकणारी देशी वनस्पती होती. कॉकेन ह्यांना देशी वनस्पती बागांत लावण्याचीही तळमळ होती. त्या विषयावर त्यांनी पुस्तक लिहिले, आणि केवळ देशी वनस्पतींसाठी वेलिंग्टन येथे ओटारीचे खुले वनस्पती-संग्रहालय १९२६ मध्ये सुरू झाले ते त्यांच्याच पुढाकाराने. १९३४ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांना तेथेच चिरविश्रांती मिळाली.

आज परिस्थिती उलटली आहे. वायमाकारिरी, राकाइया, वायटाकी अशा अनेक पदरांनी वाहणाऱ्या नद्यांच्या पात्रांत राउलिया ही पहिली वसाहत करणारी वनस्पती होय. तिच्या गालिच्यात गाळ व बिया अडकतात आणि मागाहून झुडपे येतात. दर काही वर्षांनी पूर हे सारे पुसून टाकतो आणि नवी खडी उघडी करतो. ह्या पुसण्यावरच राउलियाचे जगणे उभे आहे. परंतु रस्त्यांच्या कडेने पेरलेले रसेल ल्युपिन, तसेच ब्रूम व गॉर्स ही बाहेरची झुडपे पात्रांत शिरून खडी बांधून टाकतात व आपल्या सावलीने गालिचे मारतात. मॅकेंझी खोऱ्यात युरोपातून आलेली हॉकवीड स्वतःच गालिच्यासारखी पसरते, रुंद पाने जमिनीवर अंथरते आणि राउलियाला तिच्याच युक्तीने हरविते. त्याच खोऱ्यात सिंचनाखाली आणून हिरव्या कुरणांत बदललेल्या जमिनीवर तर तिला जागाच उरत नाही. खपली म्हणून हिणविलेली वनस्पती अशा रीतीने नव्या हिरवळीपुढे मागे हटत आहे.

अशा वेळी बागांतील रोपे राखीव साठा म्हणून कामी येतील असे काहींना वाटते. त्यात तथ्य आहे, पण थोडे. विभाजनाने वाढविलेली शेकडो रोपे ही जननिक दृष्ट्या एकच रोप असतात. एका नदीच्या एका काठावरील एका झाडाचे वैविध्य ती वाहून नेतात, अधिक काही नाही. एकाच वाफ्यात अनेक जाती शेजारी लावल्या तर त्यांच्या बियांवर विश्वास ठेवता येत नाही. उपयोगी संग्रह करावयाचा तर प्रत्येक नदीपात्रातील पुष्कळ झाडांचे बी, रीतसर परवानगी काढून, वेगवेगळे गोळा करावे, जागा व तारीख नोंदवावी, आणि त्या त्या ठिकाणची रोपे परस्परांपासून दूर लावावीत. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या ड्यूनिडिनच्या वनस्पतिउद्यानासारख्या संस्था मूळ प्रदेशाच्या जवळ असल्याने ह्या कामास विशेष सोयीच्या आहेत. तेथे काचेच्या तावदानाची गरज क्वचितच पडते. दक्षिणेकडील पावसाळी वाऱ्यापासून आडोसा, निचऱ्याची खडी आणि दर दोन-तीन वर्षांनी कडेचे तुकडे नव्या खडीत हलविणे, एवढ्यावर गालिचा टिकतो.